मुक्काम न ठरवता मोटारीने निघताना : वाचकांचे प्रश्न

हिवाळा तोंडावर आला की इंदूरच्या घराघरांत प्रवासाचे बेत सुरू होतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही ते दिसू लागतात. यंदा मात्र बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. स्वतःची गाडी हाताशी असताना प्रत्येक रात्रीची खोली आधीच घेऊन ठेवणे खरोखर आवश्यक आहे का, असे अनेकांनी विचारले आहे. म्हणून या महिन्याचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. माझे वय ६६ आणि पत्नीचे ६१. जानेवारीत इंदुराहून स्वतःच्या गाडीने निघून नाशिक, पुणे, कोल्हापूर करीत गणपतीपुळ्यापर्यंत जावे, वाटेत जिथे मन रमेल तिथे राहावे आणि दोनेक आठवड्यांनी परतावे, असा बेत आहे. एकही खोली आधी घ्यायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. जावईबापूंना हे मुळीच पटत नाही. या वयात सगळे आरक्षण करूनच निघावे, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याला काय वाटते?
(एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : आपला बेत चांगला आहे आणि तो आपण सोडू नये, असे मला मनापासून वाटते. धुळ्याहून नाशिककडे जाताना चांदवडला होळकरांचा रंगमहाल लागतो. आपण इंदूरकर अहिल्याबाईंचे नाव रोज घेतो, पण नाशिकची खोली आधीच घेतलेली आहे आणि उशीर झालेला आहे, एवढ्याच कारणासाठी कित्येक जण तो वाडा न पाहता पुढे निघून जातात. आरक्षण नसण्याचा खरा लाभ अशा ठिकाणी मिळतो. तिथे तास-दोन तास अधिक रेंगाळलात आणि त्या दिवशी नाशिक गाठले नाही, तरी काही बिघडत नाही.

मात्र मोकळीक नेमकी कशात ठेवायची, हे निघण्यापूर्वी दोघांनी बसून ठरवावे. मुक्कामाचे गाव मोकळे ठेवावे, मुक्कामाची वेळ मोकळी ठेवू नये. दुपारी दोनच्या सुमारास, जेवण आटोपल्यावर, आज कोणत्या गावी राहायचे याचा निर्णय व्हावा आणि पाचच्या आत गाडी लॉजच्या आवारात उभी असावी. ही वेळ मी उगीच सांगत नाही. बहुतेक लॉज आणि हॉटेलांत खोली सोडण्याची वेळ सकाळी दहा ते दुपारी बारा अशी असते, त्यानंतर खोल्या झाडून-पुसून चादरी बदलल्या जातात आणि तीन-चारच्या सुमारास काउंटरवरच्या माणसाला आज आपल्याकडे नेमके काय शिल्लक आहे, हे नक्की ठाऊक झालेले असते. त्या वेळी पोहोचणाऱ्याला दोन-तीन खोल्या पाहून त्यांतली एक निवडता येते. रात्री नऊला पोहोचणाऱ्याला उरलेली खोली घ्यावी लागते, आणि ती बहुधा जिन्याशेजारची किंवा स्वयंपाकघरावरची असते. शिवाय जानेवारीत आपल्याकडे सहा वाजता अंधारून येते. थकलेल्या डोळ्यांनी, समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात, अनोळखी गावात पाटी शोधत गाडी चालवणे हे या प्रवासातले सर्वांत धोक्याचे काम आहे आणि ते आपण पूर्णपणे टाळू शकता.

वाटेविषयी थोडे सांगतो. इंदुराहून मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा असे जाऊन बिजासन घाट उतरला की पळासनेरजवळ महाराष्ट्र लागतो आणि शिरपूरवरून धुळे येते. हा घाट अवजड ट्रकांच्या वर्दळीचा आणि मोठ्या उताराचा आहे, म्हणून तो सकाळीच, ताज्या डोळ्यांनी पार करावा. धुळे इंदुरापासून अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे आणि तिथून नाशिक सुमारे १६० किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर धुळ्याला दुपारचे जेवण होते. तिथे प्रकृतीचा अंदाज घ्यावा. पाठ भरून आली असेल तर तिथेच राहावे किंवा मालेगावच्या अलीकडे-पलीकडे थांबावे, आणि उत्साह असेल तरच नाशिकचे नाव घ्यावे. पहिल्या दिवसाचा हट्ट पुढच्या चार दिवसांना बाधतो, हे उतारवयातल्या प्रवाशांनी विशेष लक्षात ठेवावे.

आता ज्या रात्री आरक्षणाशिवाय निघणे योग्य नाही, त्यांच्याविषयी. शनिवारची रात्र ही त्यांतली पहिली, कारण पुण्या-मुंबईची माणसे शुक्रवारी संध्याकाळी बाहेर पडतात आणि कोकण किनारा रविवार दुपारपर्यंत त्यांच्याकडे असतो. २६ जानेवारीला लागून शनिवार-रविवार येत असेल तर ते तीन-चार दिवस तसेच समजावेत. गणपतीपुळ्याला अंगारकीच्या आणि माघातल्या गणेशजयंतीच्या आसपास गर्दी असते, शिर्डीला गुरुवारी असते, आणि डिसेंबर-जानेवारी हे शाळांच्या सहलींचे दिवस असल्यामुळे समुद्रकाठच्या मोठ्या निवासांत अचानक दोन-दोन बसभर मुले उतरतात. पौषात लग्नसराई मंदावलेली असते, ही आपल्या बेताच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे, कारण धुळे, कराड यांसारख्या गावांतल्या लॉजच्या खोल्या पर्यटकांपेक्षा वऱ्हाडेच अधिक अडवतात. जिल्ह्याच्या गावी एखादी मोठी स्पर्धा परीक्षा असली तरी आदल्या रात्री लॉज भरलेले असतात. त्यामुळे अशा गावी एकही खोली शिल्लक नसल्याचे कळले तर आश्चर्य न मानता पुढचे तालुक्याचे गाव गाठावे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. त्या वर्षी हा बेत करणाऱ्यांनी नाशिक मोकळे सोडू नये.

कोल्हापुराहून कोकणात उतरताना मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली अशी वाट आहे. आंबा घाट उजेडी उतरावा. कोल्हापुरातून निघायला दुपारचे तीन वाजले असतील तर त्या दिवशी निघूच नये. गणपतीपुळ्याला जागा मिळाली नाही तर आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याने रत्नागिरी तासाभरात गाठता येते, आणि रत्नागिरी हे जिल्ह्याचे गाव असल्यामुळे तिथे साध्या, स्वच्छ खोल्या वर्षभर मिळतात. मोकळ्या प्रवासात प्रत्येक संध्याकाळी असा एक पर्याय, तासाभराच्या अंतरावरचा, मनाशी धरलेला असावा. तो जिथे सापडत नाही, तिथे आरक्षण करावे; या एका कसोटीने बहुतेक निर्णय सोपे होतात. किनाऱ्यावरच्या गावांत घरगुती निवास पुष्कळ आहेत. त्यांतले अनेक जण पाहुण्यांना घरचे जेवण देतात, पण चार वाजेपर्यंत माणसे किती ते कळले तरच त्यांना मासळी किंवा भाजी आणता येते, आणि न सांगता रात्री आठला दारात उभे राहणे हे त्या घरातल्या बाईवर अन्याय करणारे आहे.

खोलीसाठी फोन करताना, म्हणजे दुपारच्या चहाला थांबल्यावर, आपल्या वयाच्या दांपत्याने दरापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. खोली तळमजल्यावर आहे का, नसेल तर लिफ्ट आहे का आणि ती रात्री चालू असते का. शौचालय कमोडचे आहे का. गरम पाणी नळाला येते की बादलीने, आणि किती ते किती. गाडी आवारात लावता येते की रस्त्यावर. दर शेवटी विचारावा. औषधे, चष्म्याची दुसरी जोडी, दोन दिवसांचे कपडे आणि एक पातळ चादर एका वेगळ्या पिशवीत ठेवावी, म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामासाठी संपूर्ण सामान वर न्यावे लागणार नाही.

जावईबापूंची काळजी रास्त आहे आणि तिचा मान राखता येतो. वाटेतला शनिवार आणि २६ जानेवारीच्या आसपासच्या रात्री यांचे आरक्षण करावे, तेही रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशाच ठिकाणी. उरलेल्या रात्री मोकळ्या ठेवाव्यात आणि रोज खोलीत शिरल्यावर लॉजचे नाव, गाव आणि खोलीचा क्रमांक त्यांना कळवावा. मुलीच्या घरी रात्री शांतपणे झोप लागावी, एवढे आपल्याकडून व्हायलाच हवे.

प्रश्न : गेल्या श्रावणात आम्ही दोन वर्षांचे बाळ आणि सासूबाईंना घेऊन रविवारी दुपारी ओंकारेश्वरला गेलो. आपल्या पंचांगानुसार श्रावण अजून लागायचा होता, म्हणून गर्दी नसेल असे वाटले. प्रत्यक्षात एकही खोली मिळाली नाही. अंधारात घाटातून परत येण्याचे धाडस झाले नाही, म्हणून रात्रभर गाडीतच एसी लावून झोपलो. सासूबाई अजून त्याबद्दल बोलतात. अशा वेळी काय करायला हवे होते?
(एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : आधी पंचांगाचा उलगडा करतो, कारण माळव्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची ही अडचण वर्षानुवर्षांची आहे. आपला श्रावण दिव्यांच्या अवसेनंतर सुरू होतो, तर उत्तरेकडचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे पंधरवडाभर आधी. उज्जैनची महाकालाची सवारी त्या श्रावणाच्या सोमवारांपासून निघू लागते आणि भादव्याच्या वद्य पक्षातही निघते. हा पक्ष आपल्या हिशेबाने श्रावणातच मोडतो. म्हणून गुरुपौर्णिमेपासून पिठोरी अमावास्येपर्यंतचा सगळा काळ उज्जैन आणि ओंकारेश्वर या दोन्ही ज्योतिर्लिंगांच्या ठिकाणी गर्दीचा धरावा, आणि त्यातही रविवारची रात्र सर्वांत कठीण, कारण सोमवारच्या पहाटेच्या दर्शनासाठी माणसे आदल्या दिवशीच येऊन राहतात. नागपंचमीला महाकाल मंदिरातील नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदाच उघडते. त्या दोन दिवसांत उज्जैनला राहण्याचा विचारही करू नये. तसे उज्जैन इंदुरापासून जेमतेम ५५ किलोमीटर आहे, दर्शन घेऊन घरी परत येणे केव्हाही बरे. २०२८ च्या सिंहस्थात तर आपण इंदूरकरांनी आपल्याच घरच्या खोल्या पाहुण्यांसाठी तयार ठेवाव्यात.

ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास आहे आणि मराठी कुटुंबांचा ओढा साहजिकच तिकडे असतो, पण सणाच्या दिवशी तिथेही दुपारपर्यंत खोल्या संपतात. तिथे नाही म्हटल्यावर गावात गल्लोगल्ली विचारीत फिरण्यात दोन तास घालवण्याऐवजी, उजेड असेपर्यंत मोरटक्क्याला मुख्य रस्त्यावर येऊन एका बाजूला बडवाह किंवा दुसऱ्या बाजूला सनावद गाठायला हवे होते. दोन्ही गावे जवळ आहेत, यात्रेची नसल्यामुळे तिथल्या लॉजवर ताण कमी असतो, आणि पहाटे उठून दर्शनाला परत जाता येते. मात्र पावसाळ्यात नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद होतो. अशा दिवसांत आपण पुलाच्या कोणत्या बाजूला राहणार आहोत, याचा विचार आधी करावा.

आता गाडीत झोपण्याविषयी, आणि हे मी सर्व वाचकांना कळकळीने सांगतो. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, एसी लावून झोपू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि उभ्या गाडीत तो सायलेन्सरच्या एखाद्या गळतीतून किंवा बाहेर साचलेल्या धुरातून आत आला तर झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, तो झोपेतच बेशुद्ध होतो. लहान मुलांवर त्याचा परिणाम आणखी लवकर होतो. भिंतीला किंवा गवताच्या उंच झाडोऱ्याला पाठ लावून उभ्या केलेल्या गाडीत हा धोका वाढतो. आपण सर्व सुखरूप आहात हे वाचून फार बरे वाटले, परंतु पुन्हा असे करू नये. गाडीतच रात्र काढण्याची वेळ आली तर इंजिन बंद ठेवावे, दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली घ्याव्यात आणि डासांसाठी पातळ ओढणी किंवा जाळी लावावी. पेट्रोल पंपावर किंवा रात्रभर चालणाऱ्या ढाब्यावर मालकाला विचारून, दिव्याखाली गाडी लावावी. महामार्गाच्या कडेला लावू नये, मागून येणाऱ्या ट्रकचालकाला उभी गाडी वेळेत दिसत नाही.

आणि नर्मदेच्या पात्रात किंवा वाळूवर तर गाडी कधीच उतरवू नये, मग शेजारी दहा गाड्या उभ्या असल्या तरी. वर धरणे आहेत, पाणी सोडले की पात्र बघता बघता भरते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे मेळ्यासाठी पात्रात उतरलेले अनेक यात्रेकरू असेच रात्री वाहून गेले. भोंगा वाजला की सामान तिथेच टाकून वर यावे.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण शिक्षिका आहोत. दोघीच गाडीने मांडू आणि महेश्वर करावे, खोली तिथे जाऊन पाहावी, असे वाटते. दोघी बायकांनी असे जाणे कितपत योग्य? मागे एकदा पावसामुळे रात्री इंदुरात अडकलो, तेव्हा आधार कार्डावर याच जिल्ह्याचा पत्ता पाहून एका लॉजने खोली नाकारली होती. तसे करता येते का?
(एक वाचक, महू)

उत्तर : ताई, जाणे योग्य आहे. फक्त या दोन गावांचा क्रम नीट लावावा. मांडू हे पठारावरचे छोटे गाव आहे, तिथे मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाची दोन निवासस्थाने आणि मोजकी खासगी हॉटेले एवढीच सोय आहे, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ती सगळी भरलेली असतात, आणि रात्री आठनंतर रस्त्यावर फारसे कोणी दिसत नाही. महेश्वरला घाटाजवळ आणि बाजारात राहण्याच्या जागा तुलनेने पुष्कळ आहेत, शिवाय मंडलेश्वर आणि महामार्गावरचे धामनोद जवळ आहेत. म्हणून सकाळी लवकर निघून मांडू दिवसा पाहावे, चारच्या आत घाट उतरावा आणि मुक्काम महेश्वरला करावा. मांडूलाच राहायची इच्छा असेल तर ती एक रात्र मात्र आधी ठरवून घ्यावी.

खोली पाहण्यासाठी दोघींपैकी एकीने गाडीत बसावे आणि एकीने वर जावे. आत गेल्यावर प्रथम दार आतून लावून पाहावे. कडी फक्त अडकते की पुरती बसते, बोल्ट चौकटीत खोल जातो की चौकटीचे लाकूडच झिजलेले आहे, हे हाताने ढकलून कळते. मग न्हाणीघराची खिडकी. ती गच्चीवर किंवा बोळात उघडत असेल आणि तिला गज नसतील तर दुसरी खोली मागावी. नळ सोडून पाणी पाहावे, उशीचा अभ्रा उलटा करून पाहावा आणि मोबाइलला रेंज आहे का ते बघावे. आवारात इतर कुटुंबे उतरलेली आहेत का, काउंटरवर रात्री कोण असते, हे बोलता बोलता विचारावे. यांतले काही खटकले तर कारण न देता बाहेर पडावे. नको असलेली खोली नाकारताना आपल्याकडच्या बायकांना फार संकोच वाटतो आणि तो संकोच आपण घरीच ठेवून निघावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

स्थानिक पत्त्याच्या माणसाला खोली न देण्याचा नियम बहुतेक ठिकाणी लॉजमालकांनी स्वतःच घातलेला असतो. काउंटरवर वाद घालून रात्री उपयोग होत नाही, म्हणून फोनवरच ‘ओळखपत्र याच जिल्ह्याचे आहे, चालेल ना?’ असे विचारून घ्यावे. आधारऐवजी वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टही चालतो. आधारच द्यायचे झाल्यास शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते, तिच्या दोन छापील प्रती गाडीत ठेवाव्यात. मूळ ओळखपत्र काउंटरवर ठेवून खोलीत जाऊ नये. आणि दोघींना वेगवेगळ्या ठिकाणी धर्मशाळेत राहण्याचा प्रसंग आला तर एवढे ठाऊक असावे की अनेक धर्मशाळांत एकट्या व्यक्तीला, मग ती बाई असो वा पुरुष, खोली देत नाहीत.

प्रश्न : काउंटरवर सांगितलेला दर आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिसणारा दर यांत फरक असतो. घासाघीस करणे शोभते का?
(एक वाचक, तिलक नगर, इंदूर)

उत्तर : शोभते. ॲपवरून ग्राहक आला की मालकाला त्याचे कमिशन द्यावे लागते, त्यामुळे रिकाम्या खोलीसाठी तो ॲपच्या दराला, कधी त्याहून थोड्या कमी दरालाही, आनंदाने तयार होतो. ॲपवरचा दर दाखवून शांतपणे विचारावे. उत्तर येईल ते करासह आहे का, ते मात्र तिथेच पक्के करावे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि ज्याच्या पावतीवर जीएसटी क्रमांकच नाही, त्याला तो वेगळा मागता येत नाही.

याहून महत्त्वाची सूचना म्हणजे प्रसिद्ध देवस्थानांच्या भक्तनिवासाच्या नावाने इंटरनेटवर सापडणाऱ्या फोन क्रमांकांवर आगाऊ पैसे पाठवू नयेत. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळे आणि फोनवर गोड बोलून यूपीआयने अनामत मागणारी माणसे यांनी पुष्कळ भाविकांना फसवले आहे. शेगावच्या भक्तनिवासाची खोली तर तिथे प्रत्यक्ष गेल्यावरच मिळते. ती फोनवर राखून देतो म्हणणारा माणूस लबाड आहे, असे खुशाल समजावे.

प्रश्न : विजेवर चालणाऱ्या गाडीने असे न ठरवता जाता येईल का?
(एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : येईल, पण पुरते न ठरवता नाही. लॉजच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडीसोबत मिळालेला चार्जर तासाला साधारण तीन युनिट भरतो, म्हणजे रात्रीच्या आठ तासांत चोवीसच्या आसपास. तेही सॉकेटला नीट अर्थिंग असेल आणि गाडी त्याच्याजवळ उभी करता येत असेल तर. त्यामुळे दुपारच्या फोनवर पहिला प्रश्न तोच विचारावा, विजेचे पैसे वेगळे देऊ असे आपणहून सांगावे आणि बॅटरी तिसऱ्या हिश्शावर येण्यापूर्वी मुक्कामाचे गाव गाठावे.

प्रश्न : आम्ही सहा जण भाड्याची मोठी गाडी आणि चालक घेऊन आठवडाभर फिरणार आहोत. मुक्काम ऐनवेळी ठरवू. चालक म्हणतो, ‘माझी चिंता करू नका, मी गाडीतच झोपतो.’ हे चालेल का?
(एक वाचक, देवास)

उत्तर : चालणार नाही. चालकाने तसे म्हटले तरी ते मान्य करू नये. तो असे म्हणतो, कारण आजवर बहुतेक प्रवाशांनी त्याची सोय पाहिलेली नसते आणि मागितले तर पुढचे काम जाईल, अशी त्याला भीती असते. सीटवर पाय मुडपून, डास मारीत, कोणी गाडीला हात लावला की दचकून उठत काढलेली रात्र ही झोप नव्हे; आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर, सरळ रस्त्यावर, त्याच माणसाच्या हातात आपली सहा माणसे असतात. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ तास ठरवली होती. भाड्याच्या गाडीवर एकट्याने काम करणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून ती मर्यादा आपणच पाळायची.

आरक्षण न करता फिरणाऱ्यांकडून चालकावर अधिक अन्याय होतो, हे मुद्दाम सांगतो. मुक्काम ठरत नाही तोवर तो गाडी फिरवीत राहतो, प्रवासी चार लॉज पाहतात, तो खाली थांबतो, आणि सगळे खोलीत शिरल्यावर रात्री दहाला तो स्वतःच्या जेवणाच्या शोधात निघतो. म्हणून दुपारी फोन करताना ‘चालकासाठी झोपण्याची आणि अंघोळीची सोय आहे का’ हे खोल्यांच्या चौकशीबरोबरच विचारावे. मोठ्या हॉटेलांत आणि बऱ्याच भक्तनिवासांत चालकांसाठी वेगळी सामाईक खोली असते, काही ठिकाणी अल्प पैशांत पलंग मिळतो. जिथे काहीच नसेल, तिथे सहा जणांनी थोडे-थोडे घालून जवळच्या लॉजमध्ये त्याच्यासाठी साधी खोली घ्यावी. ट्रॅव्हल्सवाल्याने बिलात रात्रीचा भत्ता लावलेला असेल तर तो चालकाच्या हातात पडतो की नाही, हे निघण्यापूर्वी दोघांच्या समोर विचारून घ्यावे. आणि सकाळी सहाला निघायचे असेल तर त्याला रात्री नऊच्या आत मोकळे करावे. त्यानंतर बाजारात जायचे झाल्यास रिक्षा करावी.